काकूंना हवी तशी सुरी

आमच्या चाळीतल्या काकू चूल पेटवत नसत. सोवळ्याओवळ्याशी किंवा उपासतापासाशी त्याचा काही संबंध नव्हता. नवऱ्याचे दिवसवार आटोपले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी चुलीतली राख काढली, चूल स्वच्छ सारवली, तिच्यावर तुळशीची कुंडी आणून ठेवली आणि दारात उभ्या असलेल्या आम्हा बायकांना सांगितलं, "झाला हो माझा सैपाक करून." बायका त्यांचं सांत्वन करायला आल्या होत्या. त्या सगळ्या जणी आपापल्या घरी निघून गेल्या.

मी तेव्हा नवीन लग्न होऊन डोंबिवलीत आले होते. माझं माहेर ठाण्याचं, त्यामुळे डोंबिवली म्हणजे मला रानात दिल्यासारखंच वाटे. स्टेशन सोडलं की भातखाचरं, दिवे रॉकेलचे, पाणी विहिरीचं. करमणूक काय ती शेजारच्या खोलीतल्या काकूंची. आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये एक फळ्यांची भिंत होती आणि तिच्यातून माझी फोडणी त्यांच्याकडे जात असे. लगेच पलीकडून आवाज यायचा, "अगो, तुझी मोहरी माझ्या घरात आली!" मी सुरुवातीला घाबरून "माफ करा हां काकू" म्हणायची. पुढे पुढे मी म्हणू लागले, "राहू द्या चार दिवस, पाहुणी आहे."

त्या खात काय, हा प्रश्न चाळीला पडलेला असे. त्या दडपे पोहे खात, फोडणीशिवाय. ताक, केळी, भिजवलेली मुगाची डाळ, काकडी, ओलं खोबरं आणि गूळ. तब्येत माझ्यापेक्षा चांगली. चहा मात्र दोन वेळा लागायचा, आणि तो माझ्याकडे. एकदा मी चेष्टेने म्हटलं, "काकू, चहाला चूल चालते वाटतं?" त्या कप खाली न ठेवता म्हणाल्या, "चालते की. तुझी आहे."

चुलीवर एवढा राग का, ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही माझे तांदूळ निवडून देता देता. लग्न होऊन त्या कोकणातल्या सासरी गेल्या तेव्हा त्यांचा हात चुलीच्या मागच्या वैलावर नीट पोचतही नव्हता. तेव्हापासून सैपाक. पुढे नवऱ्याला कल्याणच्या मालधक्क्यावर नोकरी लागली आणि त्या डोंबिवलीला आल्या, तर गावचा जो मुलगा मुंबईला नोकरी शोधायला निघे तो आधी यांच्याकडे जेवायला उतरे. "माझ्या हातची आमटी खाऊन किती जण साहेब झाले गो," त्या म्हणाल्या. "एकाला माझं नाव विचार. वहिनी म्हणतील." आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या.

खाण्याच्या बाबतीत त्यांची मतं फार ठाम होती. लग्नाच्या पंगतीला गेल्या तर आचाऱ्याकडे पाठ करून बसायच्या. काकडीवरून माणूस ओळखता येतो म्हणायच्या. आधी मीठ चाटतो तो उधळ्या, साल काढायला सांगतो तो आईचा लाडका. आमच्या यजमानांनी एकदा त्यांच्या समोर काकडीच्या बिया थुंकल्या, तेव्हापासून माझ्याकडे बघताना त्यांच्या नजरेत थोडी कीव असे. आणि कुणालाही अहो-जाहो म्हणून नाही. पोस्टमास्तर काय, डॉक्टर काय, सगळे "अरे, तू". माणसं रागावत नसत, उलट लहान झाल्यासारखी हसत.

हे सगळं असंच चाललं असतं, पण मध्ये काकूंचे दीर होते. नवऱ्याच्या तेराव्यालाच ते म्हणाले होते, "वहिनी, एकट्या बाईने इथे राहायचं कशाला? घर आहे, माणसं आहेत. तुमची जाऊ एकटीच पडते सैपाकाला." त्यांनी हे वाईट हेतूने म्हटलं नव्हतं, आणि तेच वाईट होतं. पावसाळ्यात बोटी बंद, तेव्हा दिवाळी झाली की न्यायला येतो असं सांगून ते गेले. तोवर काकूंनी आपलं आपण पोट भरायची सोय केली तर खोली राहणार होती. नाहीतर बोट, कोकण आणि तीच चूल.

चाळीने सल्ले दिले. खानावळ काढा. पोळ्या करून द्या. दिवाळीचा फराळ करा, चकल्यांना मागणी आहे. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चुलीपुढेच बसायचं तर दिराचं घर काय वाईट?" आणि आठवड्याभरात एक जुनी हातगाडी चाळीच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिचं एक चाक कुरकुरत असे. गाडीवर ठेवायचं काय, तर चुलीला जे लागत नाही ते. काकडी-मीठ, पेरू, आणि ओल्या नारळाचे तुकडे गुळाच्या खड्याबरोबर. खडवलीकडून बायका टोपल्या घेऊन यायच्या, त्यांच्याकडून काकड्या मिळत. नारळ ठाण्याच्या बाजारातून.

बामणाची बाई स्टेशनबाहेर हातगाडी लावणार म्हणून चाळीतल्या पुरुषांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. काकूंना त्याचं काही नव्हतं. त्यांना काळजी वेगळीच होती, पण ती आम्हाला पहिल्या दिवशी कळली.

काकूंनी आयुष्यात सुरी हातात धरली नव्हती. आमच्या कुणाच्याच घरात नव्हती म्हणा. आम्ही विळीवर चिरणाऱ्या. पातं जागच्या जागी, भाजी हातात, आणि विळीचा पाट पायाखाली घट्ट. सुरी म्हणजे एक तर खाटकाकडे नाहीतर साहेबाच्या टेबलावर. तर काकूंनी काय केलं, विळी गाडीवर मांडली. आणि गाडीवर विळी म्हटल्यावर चिरणारीही गाडीवरच हवी. काकू चढल्या, नऊवारी आवरून बसल्या, एक पाय विळीच्या पाटावर ठेवला आणि काकडी हातात घेतली.

गर्दी जमली ती घ्यायला नव्हे, बघायला. एक तरुण पुढे झाला, काकडी मागितली. काकूंनी झकास फोडी केल्या, मीठ लावलं आणि वरून खाली हात केला. तो बघतच राहिला. फोडींकडे नाही, पायाकडे. "आजी, पाय लावलाय तुम्ही," तो म्हणाला.

"मग? तुझी आई काय डोकं लावते विळीला?"

लोक हसले, पण घेतलं कुणी नाही. घरात आयुष्यभर आपण पायाखालच्या विळीवरचंच खातो, पण ते रस्त्यावर डोळ्यांदेखत दिसलं की घास उतरत नाही. काकूंना ते पटलं नाही, पण कळलं. त्या खाली उतरल्या, विळी पिशवीत घातली आणि गाडी ढकलत घरी आल्या. त्या दिवशी त्या माझ्याकडे चहाला आल्या नाहीत. मीच कप घेऊन गेले तर अंधारात बसल्या होत्या. म्हणाल्या, "सुरी बघायला हवी गो."

मग आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. काकूंची सुरीची पारख मी जन्मात विसरणार नाही. त्या एक पितळी गडू बरोबर घेत, त्यात मिठाचं पाणी. दुकानात शिरल्या की उजवा हात गडूत बुडवायचा आणि ओल्या हाताने सुरी उचलायची. "गाडीवर हात कोरडा राहणारे का? लिंबू, मीठ, काकडीचं पाणी. कोरड्या हातात सगळ्याच सुऱ्या शहाण्या." मग ती पाडायची. मुद्दाम, दुकानदारासमोर, फरशीवर. दुकानदार ओरडला की म्हणायच्या, "अरे, माझ्या हातून दिवसातनं कितीदा पडणार, तू काय पकडायला येणारेस?" आणि शेवटी पिशवीतून नारळाची वाटी काढून तिच्यात सुरीचं टोक खुपसायच्या. इथे बहुतेक सुऱ्या रडायच्या. काकडीला धार हवी, खोबऱ्याला जोर हवा, आणि दोन्ही एका मुठीत मावायला हवं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

पहिली सुरी कल्याणच्या बाजारातली. हात बुडवणं, पाडणं यात पास झाली, घरी आणल्यावर तिसऱ्या नारळाला टोक मोडलं. काकू मोडकं टोक घेऊन पुन्हा कल्याणला गेल्या आणि त्या दुकानदाराच्या गल्ल्यावर ठेवून आल्या. पैसे मागितले नाहीत. "त्याचं आहे, त्याच्याकडे असू दे."

दुसरी ठाण्याची. माझ्या वडलांच्या ओळखीचं दुकान, म्हणून मी मोठ्या तोऱ्यात घेऊन गेले. मूठ लाकडी, गुळगुळीत, दिसायला देखणी. ओली झाल्यावर मूठ फुगली आणि पातं आत डुगडुगायला लागलं. काकू मला काही बोलल्या नाहीत. फक्त त्या दिवसापासून "तुझ्या माहेरची सुरी" असा उल्लेख सुरू झाला, आणि तो माझी मुलं मोठी होईपर्यंत चालला.

तिसरी कल्याण कॅम्पातली. फाळणीनंतर तिकडे आलेल्या सिंधी मंडळींनी रस्त्याकडेला दुकानं मांडली होती. दुकानदार भला माणूस. त्याने चकचकीत लांब सुरी काढली आणि म्हणाला, "माताजी, ये लो, बीस साल चलेगी."

"अरे, मी चालायला हवी ना बीस साल," काकू म्हणाल्या. मग त्यांनी ती सुरी उभी धरून माझ्याकडे रोखली आणि विचारलं, "ही बघून गिऱ्हाईक काकडी मागेल की जीव?" सिंधी दुकानदाराला अर्थ कळला की नाही कोण जाणे, पण तो इतका हसला की त्याने आम्हाला बसवून सरबत पाजलं. सुरी घेतली नाहीच.

तोपर्यंत गणपती येऊन गेले होते. गाडी रोज लागत होती, पण मोडक्या टोकाच्या सुरीवर. काकडी-पेरू कसेबसे जात, खोबरं करवंटीला चिकटून बसे, आणि खोबऱ्यालाच तर मागणी होती. शाळा सुटली की मास्तर, ठाकुर्लीच्या पॉवर हाउसचे कामगार, सगळे खोबरं-गूळ मागायचे आणि थांबून कंटाळून निघून जायचे. काकू ओठ आवळून करवंटीशी झुंजत असायच्या. मला बघवत नसे. दिवाळी जवळ येत चालली होती.

अशाच एका दुपारी मी तिथे होते. रुळांपलीकडे खाडीच्या बाजूला मासळीवाल्या बसत. त्यातली एक आगरीण रिकामी पाटी घेऊन घरी निघाली होती. नातीसाठी खोबरं मागितलंन. काकूंचा झगडा थोडा वेळ पाहिलान आणि म्हणाली, "सोर गो बाय, तुला नाय जमायचा." कमरेला खोचलेली एक बुटकी, काळी सुरी तिने काढली. बोटभर रुंद, जाड पातं, मुठीला सुतळी गुंडाळलेली. करवंटी आणि खोबऱ्याच्या मध्ये टोक घातलं, मनगट वळवलं, आणि अख्खी वाटी टपकन बाहेर.

काकू तिच्याकडे पाहत राहिल्या. मग हात गडूत बुडवला. "बघू."

आगरिणीने सुरी पुढे केली. काकूंनी हात मागे घेतला. "हातात नको. खाली ठेव."

त्या बाईचा चेहरा बदललेला मी पाहिला. असा हात मागे घेणारी माणसं तिने जन्मभर पाहिली असणार. "इटाळ व्हतंय काय?" तिने विचारलं.

"विटाळ कसला गो? सुरी हातोहात घेतली की भांडण होतं. तुझ्याशी भांडून मला परवडणार नाही."

आगरीण हसली आणि सुरी फळीवर ठेवली. काकूंनी ओल्या हाताने उचलली. पाडली. मग तिच्याच धारेने एक काकडी चिरली, दुसरी वाटी सोडवली. मग मुठीत धरून नुसत्याच उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "अगो, ही माझ्या हाताची आहे."

"मासली साफ करतंय मी तिनं," आगरीण म्हणाली. "शिंपल्यातली कालवं फोडतंय."

"माहीत आहे. कोकणातली आहे मी."

"घे मग. मना दुसरी हाय घरान."

काकूंनी जन्मात मासा शिवला नव्हता. त्यांना सोपं गेलं असेल असं मला वाटत नाही. संध्याकाळी त्या सुरी घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "पाणी उकळ." मी म्हटलं, "काकू, माझ्या पातेल्यात?" "मग काय माझ्या चुलीवर?" सुरी उकळली, चिंचेने घासली, राखेने घासली, पुन्हा उकळली, रात्रभर तुळशीच्या कुंडीत रोवून ठेवली. सकाळी हुंगून पाहिली, मला हुंगायला लावली. वास येत नव्हता. पातेलं मी मोलकरणीला देऊन टाकलं, हे काकूंना कधी कळलं नाही.

त्या दिवसापासून गाडी चालली. लोक उभे राहून खोबरं खात, काकूंचं "अरे-तुरे" ऐकत, आणि दुसऱ्या दिवशी परत येत. खोलीचं भाडं काकूंनी स्वतः मालकाच्या हातात दिलं तेव्हा घरी येऊन त्या माझ्या पोळपाटाशेजारी बसल्या आणि काही कारण नसताना मला काकडी भरवली. एरवी त्या कुणाच्या अंगाला हात लावत नसत.

दिवाळी झाली आणि दीर आले. बरोबर त्यांची बायको, काकूंची जाऊ. ती काकूंहून धाकटी, वाळलेली, डोक्यावरचा पदर सतत सारखा करणारी. हातांवर फोडणीचे डाग. दीर सरळ स्टेशनबाहेर गाडीपाशीच आले, कारण मुंबईहून परतीची बोट त्याच दिवशीची होती. आम्ही बायका कुतूहलाने गाडीभोवती होतोच, आणि नेहमीची गिऱ्हाइकंही होती.

"वहिनी, पुरे झालं हे," ते म्हणाले. "सामान बांधा."

"माझं चाललंय भावोजी. भाडं देत्ये, खात्ये."

दिरांची नजर तेवढ्यात फळीवर गेली. त्यांचं गाव खाडीकाठचं. ती सुरी ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. "ही कालवांची सुरी," ते म्हणाले, आणि मग जरा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वहिनी, मासळीवालीच्या सुरीने चिरून तुम्ही चार घरच्यांना खाऊ घालता?"

एका हेडक्लार्कांच्या तोंडात तेव्हा खोबरं होतं. त्यांनी ते चावायचं थांबवलं.

"हो," काकू म्हणाल्या. "कालवांचीच आहे. उकळून, घासून घेतल्ये. ज्यांना चालत नसेल त्यांनी टाका."

हेडक्लार्कांनी बाजूला जाऊन थुंकलं. आणखी दोघे-तिघे निघून गेले. उरलेले एकमेकांकडे बघत राहिले, हातातल्या फोडी खात नव्हते, टाकतही नव्हते. एवढ्या महिन्यांची खटपट डोळ्यांसमोर मातीत चालली होती.

"बघितलंत?" दीर आता मऊ आवाजात म्हणाले. "इथे कोण घेणार आता तुमच्या हातचं? चला घरी. घरी तुमच्या हातच्या आमटीची सगळे वाट बघतायत."

काकूंचा हात मीठ लावता लावता थांबला होता.

"जाऊबाई," मागून आवाज आला. इतका बारीक, की कुणाचा ते आधी कळलंच नाही. "मला द्या हो एक काकडी."

काकूंनी वर पाहिलं. एक चांगली कोवळी काकडी निवडली, शेंडा कापून घासला, त्याच सुरीने चार उभ्या चिरा दिल्या, मीठ लावलं. जावेने ती घेतली आणि भर रस्त्यात, नवऱ्यासमोर, उभ्याने खायला लागली. कराकरा आवाज करत. डोक्यावरचा पदर मागे घसरला तो तिने सारखा केला नाही. पॉवर हाउसचा एक कामगार म्हणाला, "आजी, माझं खोबरं राहिलंय." त्याच्या मागून दुसराही पुढे सरकला.

"अगं, गाडी येईल! बोट चुकेल!" दीर म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढे," ती तोंडात घास असताना म्हणाली. "एवढी संपवत्ये नि आल्येच."

ते तणतणत फलाटावर गेले. ती येणारच असं धरून त्यांनी मागे वळूनही पाहिलं नसावं. गाडी आली, थोडी थांबली, त्यांना घेऊन सुटली. आम्ही सगळ्या बायका तिच्याकडे बघत उभ्या होतो. जाऊ काकडी खात होती. ती काही फार मोठी नव्हती, पण तिने ती अशी खाल्ली, जणू आजवर कुणी तिला आपलं ताट बसून संपवू दिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

शेवटचा तुकडा खाऊन तिने पदराला हात पुसले आणि रिकाम्या रुळांकडे पाहत विचारलं, "पुढची बोट कधी असते हो?"

"उद्या," काकू म्हणाल्या, नारळाची वाटी सोडवता सोडवता. "रोजच असते."

त्यानंतर ती बारा वर्षं माझ्या शेजारच्या खोलीत राहिली. बोटीचं तिने पुन्हा कधी विचारलं नाही.